होसियत आपांची नेत्रसेवा

आमच्या गल्लीत कुणाच्या घरात काय चाललंय हे कळायला भिंतीला कान लावावे लागत नाहीत. पहाटे सुना फाटकाबाहेरचा रस्ता झाडायला येतात, तेव्हा त्यांची तोंडं पाहिली की झालं. कोकंदमधल्या अर्ध्या सोयरिकी अशा जुळतात आणि उरलेल्या अशाच मोडतात. पाहण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, कारण माझं फाटक होसियत आपांच्या बरोबर समोर.

आपांची थोरली सून ओयजमोल झाडू घेऊन बाहेर यायची ती लालभडक डोळ्यांनी. पापण्यांच्या कडा सुजलेल्या, पापणीचे केस एकमेकांना चिकटलेले, मुळाशी कोंड्यासारख्या खपल्या. कुणी हाक मारली तर भराभरा डोळे मिचकावायची आणि गालावर पाणी ओघळायचं. आता यावर निकाल द्यायला काझी कशाला हवा? सासू छळते, सून रात्रभर रडते. नानवाल्याच्या दुकानापर्यंत निकाल पोहोचलासुद्धा.

यातली गंमत म्हणजे होसियत आपा आमच्या मोहल्ल्याच्या महिला समितीच्या प्रमुख. कुठे सासू-सुनेचं वाजलं की या रेशमी रुमाल बांधून हजर, आणि चारचौघांत सासूलाच सुनावणार, "अगं, सून म्हणजे लेक!" स्वतःच्या लेकीला मात्र त्यांनी लग्न होईपर्यंत पहाटे उठवल्याचं मला आठवत नाही. तरी खरं ते सांगते, आपा ओयजमोलला रडवत नव्हत्या. रडायला फुरसत लागते, ती त्या देतच नव्हत्या.

मोहल्ला बोलला म्हणून आपांचं एरवी काही बिघडलं नसतं. पण धाकट्या मुलाच्या, इल्होमच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगी दिलनवोझ मोठ्या घरची, बापाची रेशमाची पेढी. तिची मावशी सबोहत चौकशीला आली ती मुद्दाम पहाटे, झाडण्याच्या वेळेला. ओयजमोलकडे तिने एकदाच पाहिलं आणि गेली. मग निरोप आला की मुलगी अजून लहान आहे. मुलगी तेवीस वर्षांची होती.

आपांचं धाबं दणाणलं. "नजर लागलीय," म्हणत त्यांनी हरमलचा वाळका पाला पेटवून धूर केला, तोही थेट पोरीच्या तोंडासमोर. मग काळ्या चहाने डोळे धुतले. मग कुठल्याशा बाळंतिणीचं दूध मागून आणलं. डोळे उघडेनासे झाले, तेव्हा कुठे तिला दवाखान्यात नेलं. साक्षीला मी.

डॉक्टरीणबाईंनी पापण्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"मी तिला काही बोलत नाही हो!" आपा म्हणाल्या.

"तुम्हाला कुठे काय म्हणतेय? पापण्यांच्या कडांना सूज आहे. तिथून थोडं तेल सुटावं लागतं, ते थिजून बसलंय. म्हणून डोळा कोरडा पडतो, आणि कोरडा डोळा खुपतो म्हणून पाणी गळतं."

"म्हणजे रडत नाही!" आपा माझ्याकडे वळल्या. "मलोहत, ऐकलंस ना? बाहेर सांग सगळ्यांना."

डॉक्टरीणबाई पुढे सांगत होत्या. सोसेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ फडकं पिळून मिटल्या डोळ्यांवर ठेवायचं, निवलं की परत बुडवायचं. मग पापण्या हलक्या हाताने त्यांच्याच केसांच्या दिशेने चोळायच्या, कडा पुसायच्या, थेंब घालायचे. सुरमा बंद, धूळ बंद, तंदूरचा धूर बंद.

"किती दिवस?" आपांनी विचारलं.

"तोंड किती दिवस धुता? हा आजार जात नाही, आवरून धरावा लागतो. रोज, सकाळ-संध्याकाळ."

दुसऱ्या दिवसापासून आपांच्या घराचं फाटक सताड उघडं. द्राक्षाच्या मांडवाखाली लाकडी पलंग, त्यावर ओयजमोल उताणी, आणि उशाशी वाडगं घेऊन खुद्द होसियत आपा. रस्त्यावरून कुणी जाताना दिसलं की आवाज चढायचा, "भाजत तर नाही ना गं, लेकी?" माणूस पुढे गेलं की आवाज खाली यायचा. रस्ताही आता आपाच झाडायच्या, पण इतक्या अंधारात की शेजारच्या मांजरालाही दिसू नये. सुनेची सेवा मिरवायची होती, झाडू नव्हे.

तरी औषध ते औषध. ओयजमोलच्या खपल्या गेल्या, लाली उतरली. एकदा आपा पाणी बदलायला आत गेल्या तेव्हा ती फडक्याखालून मला म्हणाली, "मलोहत आपा, आता सुईत दोरा ओवता येतो मला. आणि या घरात आल्यापासून दिवसाउजेडी पाठ टेकतेय ती फक्त एवढ्याच वेळात." मी उगाच द्राक्षं चांगली धरल्याचं बोलत बसले.

सबोहत मावशी पुन्हा येऊन गेली. मुलगी अचानक मोठी झाली. दोन्ही घरांनी रिवाजाप्रमाणे मिळून नान मोडलं, सोयरीक पक्की झाली, आणि आपांचं फाटक बंद झालं.

"पुरे आता लाड," आतून आवाज आला. "घरात लग्न आहे आणि तू लोळतेस?"

"आई, डॉक्टर रोज म्हणाल्यात."

"डॉक्टरच्या घरात लग्न नाहीये! ऊठ, तंदूर पेटव. आणि सुरमा लाव, पाहुण्यांसमोर काय आजाऱ्यासारखी फिरणार?"

आठवडाभरात ओयजमोल पुन्हा रस्ता झाडताना दिसली. डोळे पहिल्यापेक्षा लाल, आणि या खेपेला खांदेही हलत होते. शेजारणी थांबून चुकचुकल्या, "आजार उलटला वाटतं बिचारीचा. सासूने किती केलं हो!"

त्या गेल्यावर ओयजमोल माझ्याकडे वळली. "मलोहत आपा, आता मी खरोखरच रडतेय, आणि कुणाला पटतच नाही." मला संताप आला. मी म्हटलं, "मग त्यांना जे पटतं, तेच दाखव ना."

लग्नाआधी सबोहत मावशी चार बायका घेऊन नवरीची खोली लावायला आली. गाद्या-रजया उतरवायला फाटक उघडलं, तमाशा बघायला आम्ही सगळ्या जमलोच. आपा पुढे होऊन स्वागत करतायत तोवर ओयजमोलने हातातलं पातेलं खाली ठेवलं, मांडवाखालच्या पलंगावर आडवी झाली, डोळे मिटले आणि हाक मारली, "आई! वेळ झाली. पाणी तापलं का?"

आपांनी एकदा पलंगाकडे पाहिलं, एकदा सबोहत मावशीकडे. मग हसऱ्या तोंडाने आत गेल्या आणि वाडगं घेऊन आल्या.

"रोज करता?" सबोहत मावशीने विचारलं.

"रोज," ओयजमोल फडक्याखालून म्हणाली. "जन्मभर करायचंय. मला तंदूर नाही, झाडू नाही. ते आई बघतात. हळू हं, आई, पापणी आहे ती."

सबोहत मावशी पलंगाच्या कडेला टेकली आणि आपांच्या हातातलं वाडगं निरखत म्हणाली, "बरं झालं बाई, डोळ्यांनी पाहिलं. आमच्या दिलनवोझचे डोळेही लहानपणापासून फार नाजूक आहेत."