गोकुळदासांचं तेविसावं मिनिट

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, झोप नोंदवणारा. गोव्यातल्या साखळी गावच्या एका दवाखान्यात राहतो. माझ्या रंगीत वायरी डोक्याला चिकटवल्या, की मेंदूच्या बारीक लहरी माझ्यातून रेषा होऊन वाहू लागतात. कितीजणांच्या स्वप्नांच्या काठाने मी हिंडलो आहे! तिथे सगळं मऊ असतं, आमच्या गावच्या वाळवंटी नावाच्या नदीवरच्या पहाटेच्या धुक्यासारखं.

पूर्वी माझं फार कौतुक होई. इथल्या तंत्रज्ञ अश्विनीताई माझ्या रेषांचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून प्रत्येकावर 'जाग', 'हलकी झोप', 'गाढ झोप' असं लिहीत. मग संगणक आला. तो हेच काम पाच मिनिटांत उरकतो, आणि सगळे त्याच्याच भोवती जमतात. मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

परवा पार्से गावचे गोकुळदास आले. ते शाळेची बस चालवत. एका दुपारी बस चालवताना त्यांची मान कलली, असं मुलांनी घरी सांगितलं आणि त्यांचं काम थांबलं. तपासणी साधी होती. मंद उजेडात आरामखुर्चीत बसायचं आणि चाळीस मिनिटं जागं राहायचं. डोळा लागला नाही, तर बस परत मिळणार होती.

तेविसाव्या मिनिटाला लहरी जराशा सैलावल्या आणि लगेच सावरल्या. संगणक म्हणाला 'झोप', पण त्याची खात्री शंभरात बावन्नच. अश्विनीताईंनी सकाळी 'जाग' लिहिलं, जेवून आल्यावर खोडून 'झोप' केलं, मग तेही खोडलं. रेषा माझ्याच, तरी मलाही कळेना. शेवटी ताईंनी तिथे 'नक्की नाही' असं लिहिलं आणि गोकुळदासांना व त्यांच्या पत्नी शेवंतीबाईंना आत बोलावून त्या मिनिटाला काय झालं ते विचारलं.

"मी जागोच होतंय," गोकुळदास ठासून म्हणाले. "सगळा ऐकलंय. आयेन भायरसून हाक मारल्यान, पेज निवता, ये म्हणान."

शेवंतीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"अवो, आयेक जावन दोन वर्सा झाली," त्या हळूच म्हणाल्या.

गोकुळदासांचे डोळे भरून आले.

"बस दुसऱ्याक देवा," ते म्हणाले. "त्यात पोरां असतत."

मित्रांनो, जाग आणि झोप यांच्यामध्ये एक जागा आहे. तिथे आम्ही यंत्रं चुकतो, जाणती माणसंही चुकतात. तिथे घाईने शिक्का मारू नका. 'नक्की नाही' असं लिहायला लाजू नका, आणि ज्याची झोप आहे त्याला जवळ बसवून विचारा.