कोपऱ्यांवरचं वजन

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. साहेबसुद्धा, आणि साहेब तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे होते. ताईचं काम काटे तपासण्याचं. दुकानातले, गोदामातले आणि मुख्य म्हणजे ट्रक तोलण्यासाठी जमिनीत बसवलेले भलेमोठे वजनकाटे. गाडीत वीस-वीस किलोची लोखंडी वजनं घालायची, जागेवर जायचं, वजनं काट्यावर मांडायची आणि आकडा बघायचा. आकडा खोटा निघाला की काट्याला सील. एकोणीस वर्षं ती हे करत होती. काट्यांचे मालक तिला बघून रस्ता बदलत आणि याचा तिला मनातून आनंद होता.

सत्तेचाळिसाव्या वर्षी एका दुपारी तिच्या पोटात कळ आली ती जाईना. आतड्याला पीळ पडला होता. दोन तासांत पोट उघडावं लागलं. शुद्धीवर आली तेव्हा बेंबीच्या वरपासून खालपर्यंत वीतभर टाके होते आणि बाजूच्या स्टुलावर पहिलवान बसला होता. पहिलवान म्हणजे गाडीचा ड्रायव्हर. हा इतका काटकुळा, की बेल्टला त्याने स्वतः चार जादा भोकं पाडून घेतली होती.

"ताई, डॉक्टर म्हणतात अठरा आठवडे रजा," तो म्हणाला. "आणि मग तुमचा तो नियम आहेच."

नियम खरंच तिचा होता. सहा वर्षांपूर्वी एक सहकारी आजारातून उठून थेट कामावर आला आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसला, तो कायमचा. तेव्हा ताईनेच लिहून काढलं होतं: मोठ्या रजेवरून परतणाऱ्याने वीस वजनं गाडीतून उतरवून दहा पावलांवरच्या चौथऱ्यावर मांडावीत आणि परत गाडीत ठेवावीत. वेळ अर्धा तास. न जमल्यास गाडी दुसऱ्याकडे जाईल आणि त्या माणसाला खिडकीचं काम मिळेल. खिडकीचं काम म्हणजे दिवसभर दाखल्यांवर शिक्के मारणं. त्या खुर्चीत बसलेला कुणीही आजवर परत गाडीवर गेला नव्हता.

"तुमचाच नियम तुमच्या मानगुटीवर बसला," पहिलवान म्हणाला.

"बसू दे. ओळखीचा आहे," ताई म्हणाली. मग हसल्यामुळे टाके दुखले म्हणून तिने त्याला घरी पाठवलं.

घरी स्वयंपाकाला वन्सं आल्या. ताईच्या नवऱ्याची ही थोरली बहीण तीस वर्षं एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मुख्य होती. दोनशे पोरांना दोन वेळ जेवू घातलं, पण तिथे तराजू म्हणून कधी ठेवला नाही. आणि इथे भावजय वाटीतलं दही तोलून, आकडा वहीत टिपून मग चमचा उचलायची.

"वहिनी, दही पळून नाही जायचं," वन्सं म्हणायच्या.

"एकशे बेचाळीस ग्रॅम. काल एकशे अडतीस होतं."

"मग आजचे चार काढून ठेवू का उद्याला?"

ताईचं वजन बासष्टवरून पंचावन्नावर आलं होतं. ते परत बासष्ट करायचं, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. रोज सकाळी त्याच वेळी, तेच कपडे घालून ती काट्यावर उभी राही आणि भिंतीवरच्या आलेख-कागदावर एक ठिपका देई. ठिपके वर चढू लागले. कुठल्या जेवणाने ठिपका किती हलतो तेही तिच्या लवकरच लक्षात आलं. बटाटे, साय, साखर घातलेलं दूध, लोणी लावलेला पाव. यांनी कागदावर बहार यायची. अंडी आणि कडधान्यं पोटात लगेच जड होत आणि मग पुढचं जेवण कमी जाई. म्हणून ती त्यांना टाळू लागली. चालायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण चाललं की ठिपका खाली येई. तेव्हा तेही बेताबेतानेच.

दहाव्या आठवड्यात काट्याने एकसष्ट पूर्णांक आठ दाखवले. ताईने नवऱ्याला हाक मारून आलेख दाखवला. तो म्हणाला, "सरळ रेघ आहे की गं." ताईला यापेक्षा मोठी शाबासकी नको होती.

त्याच दुपारी व्यायाम शिकवणारी फिजिओ पहिल्यांदा घरी आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, पायात खेळाचे बूट. तिने आलेख बघितला, छान म्हणाली आणि स्वयंपाकघरातली साधी खुर्ची ओढून घेतली.

"हात छातीशी. आधार न घेता उठायचं, बसायचं. तीस सेकंदांत होतील तितके वेळा."

ताई बसली आत्मविश्वासाने. पाचव्यांदा उठताना मांड्या थरथरायला लागल्या. सातव्यांदा उठली आणि आठव्यांदा उठायला गेली ती जागची हललीच नाही.

"सात," फिजिओ म्हणाली. "माझी आजी बारा वेळा उठते. ती सत्तर वर्षांची आहे."

"पण माझं वजन आलंय ना परत?"

"आलंय. कुठे आलंय?"

ताईने मांडीला हात लावला. मांडी सैल होती. मग पोटाला लावला. तिथे सगळा हिशेब लागत होता. दारात उभ्या वन्संनी छताकडे बघितलं.

फिजिओ गेल्यावर ताई खुर्चीतून उठून आलेखासमोर जाऊन उभी राहिली. एकोणीस वर्षांत तिने नवख्यांना पहिल्या दिवशी जे शिकवलं होतं तेच ती स्वतःच्या बाबतीत विसरली होती. वजनकाटा नुसता मधोमध तपासून भागत नाही. खाली चार कोपऱ्यांत चार आधार असतात. एखादा खचलेला असला, तरी मधे वजन ठेवल्यावर आकडा बरोबर दिसू शकतो. लबाडी उघडी पडते ती कोपऱ्यावर वजन ठेवल्यावर. म्हणून मालक आर्जवाने म्हणतात, "मधलं बघा की, मधे अगदी चोख आहे." आणि ती म्हणते, "ट्रक काय विचारून मधे उभा राहतो?" इतके दिवस तिने स्वतःचं मधलंच बघितलं होतं आणि चोख आहे म्हणून खूश झाली होती.

तिने भिंतीवरचा कागद काढला. फाडला नाही, चूक झालेली नोंदही ठेवायची असते. नवा कागद लावला आणि त्यावर वजनाचा स्तंभच ठेवला नाही. त्याऐवजी खुर्चीवरून किती वेळा उठले, जिना किती वेळा चढले, हाताने किती किलो उचललं, हे लिहायचं.

मग ती स्वयंपाकघरात गेली. "वन्सं, तुमच्या वसतिगृहात खेळाडू मुलं असायची का?"

"नौका वल्हवणारी होती. राक्षस नुसते."

"त्यांना काय द्यायचात?"

वन्संनी हात पुसले. या प्रश्नाची त्या दहा आठवडे वाट बघत होत्या. "दर जेवणात आपल्या तळहाताएवढं काहीतरी भक्कम. अंडी, मासा, नाहीतर कडधान्य. सकाळीसुद्धा. सगळं एकाच जेवणात कोंबलं तर पोट भांडतं. मग मूठभर भात, नाहीतर पाव. आणि उरलेल्या ताटात भाज्या. साखरेच्या दुधाला मी त्या पोरांना हात लावू द्यायची नाही."

"मग मला का दिलंत?"

"तुम्ही मागितलंत. तोलून मागितलंत. आकडे घेऊन आलेल्या माणसाशी मी काय बोलणार?"

सुरुवातीला अंडं जड झालं. मग वन्संनी एकाचं अर्धं केलं, तीनदाऐवजी पाचदा वाढलं आणि दहा दिवसांत पोटाची तक्रार गेली. ताईने तळहातावर मासा ठेवून बघितला आणि मग, राहवलं नाही म्हणून, तोही तोलला. एकशे दोन ग्रॅम. दुसऱ्या दिवशी शंभर. वन्संच्या अंदाजात दोन टक्क्यांहून जास्त चूक निघेना. "सील नाही लावता यायचं," असं म्हणून तिने स्वयंपाकघरातला काटा कपाटात ठेवून दिला.

उचलायला तिने पाण्याचा कॅन घेतला. आधी दोन किलो, डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावर पाच, मग आठ. उचलताना श्वास सोडायचा, पाठ सरळ, जोर मांड्यांचा. बाराव्या आठवड्यात खुर्चीचे अकरा झाले. तेराव्यात सर्दी झाली आणि नऊवर आले. जुनी ताई असती तर आकड्याला घाबरून दुप्पट जोर लावला असता. या ताईने "सर्दी" असं शेजारी लिहिलं आणि झोपली. सोळाव्यात सतरा झाले आणि कॅनची जागा पहिलवानाने ऑफिसातून आणून दिलेल्या खऱ्या लोखंडी वजनाने घेतली. सगळ्यात गंमत म्हणजे वजन तिने त्या काळात फक्त एकदा केलं. साठ भरलं, पोटावरचं उतरलं होतं. तिला बरं वाटलं.

अठराव्या आठवड्यातल्या सोमवारी ऑफिसच्या आवारात गाडी उभी होती. साहेब घड्याळ घेऊन, पहिलवान हाताची घडी घालून. वन्संनी डब्यात दोन उकडलेली अंडी दिली होती.

"चला," साहेब म्हणाले.

वजनाची कडी हातात आली आणि ताईला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. दहा पावलं, खाली, परत. वीसच्या वीस चौथऱ्यावर लागली तेव्हा तेरा मिनिटं झाली होती. पहिलवानाने शीळ घातली. परतीचं चौदावं वजन गाडीत सरकवताना तिला व्रणाच्या डाव्या बाजूला ओढ जाणवली. ती थांबली. पोटावर हात दाबून बघितला, टाके सुटल्याचा फुगवटा नाही. पायरीवर बसली, हळूहळू श्वास घेतला. घड्याळ चालू होतं. पहिलवान तोंडातल्या तोंडात म्हणाला, "ताई, सहाच राहिलीत." ती उठली नाही. ओढ पूर्ण गेल्यावरच उठली आणि उरलेली सहा, एकेक करून, ठेवली.

"एकतीस मिनिटं," साहेब म्हणाले. मग घड्याळ खिशात घालून, "म्हणजे तीसच धरू. एका मिनिटाची सूट."

"मी देते का कुणाला?"

"अहो ताई, तुम्ही बसलात म्हणून. काटा तपासताना आकडे लिहायला आपण मधेमधे थांबतोच की. तुमचा नियमच चुकलाय."

"चुकलाय," ताई म्हणाली. "मलाही पायरीवर बसले तेव्हाच कळलं. पण ज्याची तपासणी चालू आहे त्याने नियम बदलायचा नसतो. आधी यात बसते, मग बदलते. पुढच्या सोमवारी."

"आणि नाही बसलात तर?"

"तर खिडकी आहेच. पण तुम्ही शिक्क्याची शाई मागवू नका."

त्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं. टाक्यांना काही नव्हतं, शेजारचा स्नायू दमला होता. फिजिओने चूक दाखवली. दमल्यावर ताई उजव्या पायावर भार टाकत होती आणि डावी बाजू ओढली जात होती. "एक कोपरा खचतोय," ताई म्हणाली. फिजिओला संदर्भ कळला नाही, पण तिने डाव्या पायासाठी व्यायाम दिला. दोन दिवस विश्रांती, चार दिवस व्यायाम, आणि पाचही वेळा तळहात भरून.

सोमवारी साहेबांनी घड्याळ दोनदा तपासून घेतलं. या वेळी ताईने दर पाच वजनांनंतर स्वतःहून दहा श्वास घेतले, ओढ लागायची वाट न बघता. शेवटचं वजन गाडीत ठणकलं तेव्हा सत्तावीस मिनिटं चाळीस सेकंद झाले होते.

पहिलवान ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसलादेखील. ताईने त्याला हाताने थांबवलं, आत जाऊन नियमाचा कागद मागवला आणि उभ्याउभ्याच एक ओळ वाढवली: दर पाच वजनांनंतरची विश्रांती वेळेत धरू नये. खाली सही केली आणि साहेबांपुढे सरकवला.

बाहेर आली तशी वन्संनी दिलेला डबा उघडून एक अंडं तिने पहिलवानाला दिलं.

"मला कशाला?"

"तळहात बघ तुझा," ताई म्हणाली. "आजपासून दर जेवणाला एवढं. आता चल, गोदामाचा काटा आहे. मधे नाही, आधी कोपऱ्यावर लावू."