शेवटच्या पानावरची सही

गुरुवारी दुपारी रायकानने दोन तास अकिमसाहेबांच्या डोळ्यांवर घालवले. अकिम म्हणजे आमच्या जिल्ह्याचा प्रमुख. त्याने कालव्याचं उद्घाटन केलं होतं आणि नेमक्या त्या फोटोत त्याचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्या फोटोत डोळे उघडे होते, पण कालवा दिसत नव्हता. शेवटी कालवा गेला आणि डोळे राहिले. तोवर पाच वाजले होते, नारिन शहरातल्या छापखान्यातून दोनदा फोन येऊन गेला होता, आणि चौथ्या म्हणजे शेवटच्या पानाच्या प्रूफवर रायकानने न वाचताच सही ठोकली. 'कोक-तोर' साप्ताहिकाची मुख्य संपादक म्हणून एकोणीस वर्षांत तिने असं तीन-चारदा केलं असेल. दरवेळी ते खपून गेलं होतं.

शेवटच्या पानावर असतं तरी काय? हरवलेली घोडी, विकायचा ट्रॅक्टर, आणि काळ्या चौकटीतले शोकसंदेश. पहिलं पान आमच्याकडे फक्त अकिम वाचतो. बाकी सगळा जिल्हा मागून सुरुवात करतो.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता ओरोझाली म्हातारा कचेरीत आला. त्याने अंक टेबलावर ठेवला आणि चौकटीवर बोट टेकवलं. रायकानने वाचलं. 'बांधकाम मजूर कुबात याच्या मॉस्को येथील अपघाती निधनाबद्दल त्याच्या मातोश्री, निवृत्त शिक्षिका आसिलकान यांच्या दुःखात आमची शाळा सहभागी आहे.'

"तिला अजून सांगितलेलं नाही," ओरोझाली म्हणाला. तो कुबातचा चुलता, आसिलकानचा दीर.

कुबात गेल्याचं गावभर बुधवारीच झालं होतं. रायकान त्या रात्री रडलीही होती. पण आई धाकट्या मुलाबरोबर वर उन्हाळी कुरणावर होती, आणि आमच्याकडे अशी बातमी कुणी जाता जाता कानावर घालत नाही. घरातली थोरली माणसं मिळून जातात, बसतात, आडून आडून बोलतात, आणि माणूस कोसळला तर धरायला दोन्ही बाजूंना कुणीतरी असतं. तोवर साऱ्या जिल्ह्याला कळलेलं असतं आणि एका माणसाला कळलेलं नसतं. या वेळी शाळेने मायेपोटी घाई केली, फोनवर मजकूर दिला, उपसंपादकाने तो लावला आणि मुख्य संपादकाने सही केली.

"शव आज रात्री विमानाने बिश्केकला उतरेल. उद्या सकाळी आम्ही वर जाणार होतो," म्हातारा म्हणाला. "अंक वर गेला?"

"दुधाच्या टँकरबरोबर. सातला."

"मग तू नीघ. पेपर तिच्या हातून काढून घे, पण तोंडातून अक्षर काढू नकोस. सांगायचं काम आमचं. तुझ्या कागदाने आमच्या घरची रीत मोडायची नाही, कळलं?"

"कळलं, बाइके." थोरल्या पुरुषाला आमच्याकडे बाइके म्हणतात, थोरल्या बाईला एजे.

कचेरीची जुनी गाडी घेऊन ती एकटीच निघाली. वर फोन लागत नाही. साठ किलोमीटरचा घाट, आणि टँकर दोन तास पुढे. एवढीच आशा, की टँकर प्रत्येक तंबूपाशी थांबतो आणि ड्रायव्हर प्रत्येक तंबूत कुमीस, घोडीचं आंबवलेलं दूध, पितो.

आसिलकान एजेने तिला चौथीत शिकवलं होतं. आता एजे चौऱ्याहत्तरची होती, रायकान पंचावन्नची, पण शाळेतली एजे ती जन्माची एजे. दर आठवड्याला तिचं पत्र यायचं. अमुक पानावर मेंढ्यांचा आकडा चुकला, तमुक पानावर जिवंत माणसाला 'दिवंगत' म्हटलंय. रायकान ती दुरुस्ती छापायची, पण तिसऱ्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. आणि चूक नेहमी छापखान्याची असायची.

ती पोचली तेव्हा टँकर खालच्या वळणावर दिसेनासा होत होता. तंबूत गोधड्यांच्या ढिगावर अंक घडी न मोडता पडला होता आणि त्यावर चष्मा ठेवलेला होता. एजे बाहेर घोडीची धार काढत होती. धाकटा मुलगा समोरच्या उतारावर मेंढ्या वळत होता, सून बुरमा चुलीपाशी होती. रायकानला हायसं वाटलं.

"आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" एजे बादली घेऊन आत आली. "संपादकीणबाई स्वतः पेपर टाकायला लागल्या. टँकरवाल्याची नोकरी खाल्लीस का गं?"

"टाकायला नाही, न्यायला आलेय, एजे. शेवटचं पान चुकीचं छापलं गेलंय."

"कुणी?"

"मी. माझी चूक आहे."

हे बोलली आणि तिथेच फसली. एजेने बादली खाली ठेवली, हात पुसले.

"एकोणीस वर्षांत पहिल्यांदा," ती हळू म्हणाली. "बैलाच्या फोटोखाली अकिमचं नाव छापलंस, तेव्हासुद्धा चूक छापखान्याची होती. आणि आज एका पानासाठी घाट चढून आलीस."

तिने अंकाकडे पाहिलं. मग दारातून समोरच्या उताराकडे पाहिलं. धाकटा तिथे उभा होता, धडधाकट, कुत्र्यावर ओरडत. सून इथे. लांब असलेलं पोर एकच होतं.

"चौकटीत आहे?" तिने विचारलं.

रायकान राज्यपालाशी खोटं बोलली असती. या बाईशी तिला चौथीतही जमलं नव्हतं. तिने मान खाली घातली.

एजेचा हात चष्म्याकडे गेला. तिने तो उचलला, घडी केली आणि झग्याच्या खिशात टाकला. खिशात गेल्यावरही हात कितीतरी वेळ बाहेर आला नाही.

"मी काही विचारलं नाही," ती म्हणाली. "तू काही सांगितलं नाहीस. कोण येणारेत?"

"ओरोझाली बाइके आणि थोरले. उद्या सकाळी."

"ओरोझालीला आडून बोलणं काही जमत नाही. वाटभर घोकत येईल बिचारा. त्याला बोलू दे." मग तिने आवाज चढवला, बुरमाला ऐकू जाईल असा. "रायकान राहणारे आज. उद्या सकाळी ओरोझालीची माणसं यायचीत. पीठ काढ."

बुरमाने पीठ काढलं आणि रायकानने मळायला घेतलं. पाहुण्यांसाठी बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळायचे होते, परातभर. तिच्या डोळ्यांतून पाणी थांबेना, ते सरळ पिठात पडत होतं. बुरमा पाण्याला गेली तेव्हा एजे शेजारी येऊन बसली.

"मीठ घातलंय त्यात," ती म्हणाली. "आणखी नको."

"मला माफ करा, एजे."

"सही तुझी होती?"

"हो."

"वाचलं होतंस?"

"नाही."

"मग वाचत काय होतीस?"

"अकिमचा फोटो बघत होते. डोळे उघडे असलेला."

एजे हसली. खरंच हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. तिने डोक्याच्या रुमालाचा कोपरा तोंडात कोंबला, तीन श्वास घेतले आणि रायकानच्या हातातला गोळा ओढून स्वतः मळायला लागली. पुढे कितीतरी वेळ दोघी पीठच मळत होत्या. त्या रात्री ती रायकानचा हात धरून पडली, आणि दोघींनी झोपल्याचं सोंग केलं.

सकाळी सातजण घोड्यांवरून आले आणि लांबच उतरले. एजेने स्वच्छ पांढरा रुमाल बांधला होता, पाहुण्यांसाठी लोकरीचा नमदा अंथरला होता. पाहुण्यांनी हालहवाल विचारली, गवताची चौकशी केली. एजेने सगळ्याला उत्तरं दिली. मग ओरोझालीने टोपी नीट केली आणि घसा खाकरला.

"आसिलकान, झाडाची सगळीच पानं शरदाची वाट पाहत नाहीत," तो म्हणाला आणि अडकला. "हातावर बसवलेला ससाणा... दोरी कितीही..."

वर्गात कुणी अडखळलं की पुढचा शब्द चटकन सांगणारी बाई ती. आज ती गप्प बसली. म्हाताऱ्याला त्याचा शब्द सापडेपर्यंत तिने वाट पाहिली.

"...दोरी कितीही पक्की असली तरी उडून जातो. तुझ्या हातावरचा ससाणा उडाला, आसिलकान. आपला कुबात गेला."

मग तिने टाहो फोडला. त्यात सोंग कणभर नव्हतं. आदल्या दुपारपासून गळ्याशी धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं, आणि डावीकडून बुरमाने, उजवीकडून धाकट्याने तिला धरलं. रीत कशासाठी असते, ते रायकानला तेव्हा कळलं. कितीतरी वेळाने ओरोझाली तिच्यापाशी आला.

"वेळेवर पोचलीस, पोरी. तिला काही कळलं नव्हतं."

"हो, बाइके," रायकान म्हणाली.

घाट उतरताना एजे रायकानच्या गाडीत बसली. अर्ध्या वाटेवर तिने खिशातला चष्मा काढून लावला आणि पान मागितलं. चौकट दोनदा वाचली.

"मजूर?"

रायकानने गाडी हळू केली.

"जनावरांचा डॉक्टर होता तो. अकरा वर्षं या कुरणांवर डॉक्टर होता. खाली दिसतायत ना, त्यातली निम्मी घोडी त्याच्या हातांनी बाहेर आलीत. पगारात घर उभं राहीना म्हणून मॉस्कोत सहा वर्षं विटा वाहिल्या. सहा वर्षांचं छापलंत आणि अकरा वर्षं खाल्लीत." तिने पानाची घडी केली. "दुरुस्ती छाप."

"छापते, एजे."

"तिसऱ्या पानाच्या तळाशी?"



पुढच्या गुरुवारी अकिमच्या कचेरीतून नवा फोटो आला, पुलाच्या उद्घाटनाचा, दोन्ही डोळे उघडे. रायकानने तो दुसऱ्या पानावर ढकलला. पहिल्या पानावर, मथळ्याच्या जागी, मोठ्या अक्षरांत तिने स्वतः मजकूर लावला: 'गेल्या अंकात आम्ही कुबातला मजूर म्हटलं. तो जनावरांचा डॉक्टर होता. अकरा वर्षं आपल्या कुरणांवर त्याने काम केलं. चूक छापखान्याची नव्हे, माझी आहे. रायकान, मुख्य संपादक.' मग तिने चारही पानं वाचली, शेवटच्यापासून सुरुवात करून, आणि सही केली. अकिमच्या कचेरीतून फोन आला. तिने तो वाजू दिला.

त्यानंतरच्या आठवड्यात टँकरवाल्याने एजेचं पत्र आणून दिलं. नेहमी दोन्ही बाजूंनी भरलेला कागद यायचा. या वेळी दोनच ओळी होत्या.

'अंक मिळाला. शेवटच्या पानापासून पहिल्यापर्यंत वाचला. चूक सापडली नाही.'