सूर्य वर आली

मधुमतीबाईंच्या हातात माइक द्यावा आणि आपण खुशाल चहाला जावं, असं लीड्सच्या मराठी मंडळात गमतीनं म्हणतात. बाई एकदा सुरू झाल्या की थांबायचं नाव नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांनी थांबावं असं कुणाला वाटतही नाही. त्या रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये विषय होता, ‘माझा आवडता समुद्रकिनारा’. कुणी कॉर्नवॉलचे फोटो दाखवले, कुणी ब्रायटनच्या दगडगोट्यांना नावं ठेवली. मग बाई उठल्या.

“माझे किनारे दोन,” त्या म्हणाल्या. “एक आपलं इथून दोन तासांवरचं फायली. दर ऑगस्टला, वर्षानुवर्षं. आणि दुसरा गुहागरचा. तिथे मी उभ्या जन्मात दोनदा गेले, पण माझे डॉक्टर तिथे आहेत.”

डॉक्टर म्हणजे त्यांचे यजमान, डॉ. रघुवीर. जन्म गुहागरचा, नोकरी लीड्सच्या हॉस्पिटलात. समुद्राकाठी वाढलेला हा माणूस फायलीच्या पाण्यात चाळीस वर्षांत एकदाही उतरला नाही. पायाचा अंगठासुद्धा बुडवला नाही हो! भर ऑगस्टात लोकरीची टोपी, कोट, दोन-दोन मोजे, मांडीवर चहाचा थर्मास, आणि तोंडाचा पट्टा चालू. “हे पाणी आहे की शिक्षा?” बाई मात्र साडी वर खोचून घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या. निघताना समुद्राला म्हणायच्या, “येते हं.” त्यावर खुर्चीतून उत्तर ठरलेलं. “तू ये. मला नाही बोलवायचं.”

बाईंनी हे सगळं नकलांसकट सांगितलं. हॉल हसत होता.

“शेवटी जाताना मात्र त्यांनी आमच्या मुलाचा, जयचा हात धरला,” बाई पुढे म्हणाल्या. “म्हणाले, जन्मभर कुडकुडलो रे. इथल्या गारठ्यात मला ठेवू नका. गुहागरला ने. मेल्यावर तरी ऊब मिळू दे. माझ्या गुडघ्याचं तेव्हा नुकतंच ऑपरेशन झालेलं, मला कुठलं जायला मिळतंय? जय एकटा अस्थी घेऊन गेला. परत आला तो बाटलीत तिथली वाळू घेऊन. मी विचारलं, कसं झालं रे सगळं? तर हा आमचा लीड्सचा जन्म! म्हणतो, ‘आई, खूप पीसफुल होती. मी अस्थी सोडला, आणि समोर समुद्रातून सूर्य वर आली.’ मी म्हटलं, अरे गाढवा, आली काय? सूर्य आला! बापाला पोचवून आला, पण लिंग काही सुधारलं नाही!”

एकच हशा पिकला. गेली चार वर्षं हा किस्सा बाई सांगत होत्या. त्या रडायच्या जागी हसायला शिकल्या त्या याच एका वाक्यावर. बाटली देवघरात बाळकृष्णाशेजारी होती, आणि रोज सकाळी तिच्यासमोर हात जोडल्याशिवाय बाई तोंडात चहाचा घोट घेत नसत.

टाळ्या थांबल्या. बाई खुर्चीत बसल्या तेव्हा शेजारची वीणा मात्र हसत नव्हती. वीणा त्यांची तीस वर्षांची मैत्रीण, माहेर दापोलीचं. ती हळूच म्हणाली, “अगं मधू, गुहागरला सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो मागे, डोंगराकडून. सगळ्या कोकणात तसंच.”

“होडीतून आत गेला असेल,” बाई म्हणाल्या. “उलटा बसला असेल.”

“होडीतून गेला तरी सूर्य जमिनीकडूनच येणार ना गं?”

वीणानं जीभ चावली. पण शब्द सुटला तो सुटला. बाई मूळच्या पुण्याच्या. गुहागरला दोनदा गेल्या त्या नवी सून म्हणून. दोन्ही खेपा स्वयंपाकघरात गेल्या आणि समुद्र दिसला तो भर दुपारी, देवळात जाता जाता. त्यांच्या डोळ्यांना सवय फायलीची. तो पूर्वेचा किनारा, तिथे सूर्य पाण्यातूनच वर येतो. म्हणून ते वाक्य त्यांना कधी खटकलंच नाही. त्या ‘आली’चा ‘आला’ करत बसल्या आणि मुलगा काय सांगतोय ते ऐकायचंच राहिलं.

जय शनिवारी पिनरहून, त्याच्या घरून आला. महिन्यातून एकदा येतो तसा, आईसाठी हॅरोच्या दुकानातलं भडंग आणि चितळ्यांची बाकरवडी घेऊन. बाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली. “मला फायलीला घेऊन चल,” त्या म्हणाल्या.

“आत्ता? आई, मार्च आहे. फ्रीझिंग असेल.”

“असू दे.”

गाडीनं दीड-दोन तासांचा रस्ता. जयनं दोनदा विचारलं, “तू बरा आहेस ना?” एरवी त्यांनी ‘बरी’ म्हणून दुरुस्त केलं असतं. आज तोंड उघडलं नाही.

ओहोटी होती. ओली वाळू लांबवर पसरलेली, कुत्री फिरवणारी दोन-चार माणसं सोडली तर किनारा मोकळा. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. बाईंनी पर्समधून वाळूची बाटली काढली, वाकून पायाशी मूठभर वाळू उचलली आणि दोन्ही त्याच्यासमोर धरल्या.

“सांग,” त्या म्हणाल्या. “यात गुहागरची कुठली?”

जय बाटलीकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, पण काच फोडलेल्या पोरासारखा उभा होता.

“आई, व्हिसाचा गोंधळ झाला. एअरपोर्टवरून मला परत पाठवला. ऑफिसात रिडंडन्सी चालू होता, लोकांना काढत होते, परत लीव्ह मिळाला नसता. तू रोज फोन करायचीस, पोचलास का, झालं का. मला सांगता नाही आलं. मी इथे आलो. पाच दिवस त्या वरच्या बी-अँड-बीमध्ये खोली घेऊन राहिलो. एका सकाळी...” त्यानं पाण्याकडे बोट केलं. “बाबांना हा बीच माहीत होता. मला वाटलं, समुद्र शेवटी सगळा एकच असतो ना? पाणी जोडलेलाच असतो.”

“पाणी जोडलेलं असतं,” बाई म्हणाल्या. “ऊब पण जोडलेली असते का रे?”

त्यानं बुटाच्या टोकानं ओली वाळू उकरली.

“ते फेब्रुवारीत गेले या पाण्यात. ज्यांनी पायाचा अंगठा बुडवला नाही त्यांना तू फेब्रुवारीत आत ढकललंस. बरं, नाही जमलं. व्हिसा नाही, रजा नाही, माझी मुळीच तक्रार नाही. घरी येऊन सांगायचं होतंस, आई नाही जमलं. मी अस्थींची पेटी कपाटात ठेवली असती, गुडघा बरा झाल्यावर स्वतः नेली असती. पण तू वाळू आणलीस. बाटली धुऊन, पुसून, झाकण लावून आणलीस. मी त्या वाळूला हळदकुंकू वाहिलं, जय!”

“आय अ‍ॅम सॉरी, आई.”

“आणि नंतर? चार ऑगस्ट तू मला इथे आणलंस. इथे, याच जागी खुर्ची मांडून दिलीस. दरवर्षी मी म्हटलं, काय हा गारठा, बरं केलंस त्यांना गुहागरला नेलंस. तू काय म्हणालास?”

जय मागे वळून गाडीकडे बघू लागला.

“हो म्हणालास. चारही वेळा. मी चिप्स खात होते आणि ते समोर कुडकुडत होते. परका माणूस फसवतो तेव्हा निदान आपण सावध तरी असतो. तू केसानं गळा कापलास.”

बाई बोलल्या त्या ओरडून नाही. ओरडल्या असत्या तर जयला बरं वाटलं असतं. त्यांनी वाळूवर फतकल मारली, बूट काढले, मोजे काढले, आणि नव्या गुडघ्यानं पाय टाकत पाण्याकडे चालू लागल्या. “आई, नको, प्लीज,” करत तो मागून धावला. पहिलीच लाट घोट्यावरून गेली तशी कळ मस्तकात शिरली. अगंबाई! ऑगस्टचं पाणी निराळं आणि हे निराळं. बाई दातांवर दात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि वाळू जिथली तिथे ओतली. ती पाण्यात दिसेनाशी व्हायला क्षणही लागला नाही.

जय शेजारी, बुटांसकट पाण्यात उभा होता, आणि रडत होता. “आई, तुला मी नक्की नेणार,” तो म्हणाला. “प्रॉमिस. तू सांगितलं होतं ना, मला पण तिथेच ने. मी स्वतः गुहागरला नेणार.”

बाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे वळून पाहिलं.

“गुहागरला? तिथे माझं कोण आहे रे आता?”

त्याला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

बाईंना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याचं तोंडही पाहू नये असं वाटलं. त्यांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. पाय बधिर झाले होते. थर्मास घरीच राहिला, एवढं मात्र त्यांना फार लागलं.

“आई, चल. जाऊया,” जय म्हणाला.

निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे बाईंनी त्याला लहानपणापासून हजारदा शिकवलं होतं. आज त्यांनी त्याला काही शिकवलं नाही. त्या समुद्राकडे तोंड करून, रोज घरातून निघताना डॉक्टरांशी बोलत तशाच साध्या आवाजात म्हणाल्या, “ऐकलंत का? येते हं मी.”

या खेपेला ‘तू ये, मला नाही बोलवायचं’ म्हणायला खुर्चीत कुणी नव्हतं.