बाईंच्या रक्ताचा थेंब

मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर पडलेला जुना सूक्ष्मदर्शक म्हणजे मी. अंगावरचा काळा रंग जागोजागी उडाला आहे. भिंगावर बुरशीने जाळं विणलं आहे. आता माझ्यातून कुणी पाहिलं, तर नुसतं धुकं दिसेल.

माझी भिंगं घासणारा कारागीर भारी चिकाटीचा होता. भिंग उजेडाकडे धरायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. "डोळाच आहे हा," तो म्हणायचा, "यात कुसळसुद्धा चालायचं नाही." मग मी या शाळेत आलो आणि जीवशास्त्राच्या बाईंच्या हाती पडलो. माझं नशीबच उजळलं.

बाईंचा आवाज खणखणीत, पण हात फार हलका. मला उचलताना एक हात मानेला आणि दुसरा पायाखाली, जसं तान्ह्या बाळाला घ्यावं. मुलं माझ्यासमोर रांग लावत. पहिल्यांदा पाहणारा हमखास ओरडायचा, "बाई, दिसली पेशी! काळी, लांबलचक!"

"अरे शहाण्या, ती तुझी पापणी आहे. जरा मागे हो."

मग कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दिसत, विटा रचल्यासारख्या एकीला एक लागून. मुलं श्वास रोखून पाहत. बाई म्हणत, "अशाच पेशींची तुम्हीही बनलेली आहात. तुम्ही झोपता, तेव्हाही त्या राबत असतात. त्यांना सुट्टी नसते."

रक्ताचा धडा आला, की बाई स्वतःचंच बोट टोचत. "तुम्हाला टोचलं, तर तुमच्या आया माझ्या नावाने बोटं मोडतील!" थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, त्यावर जांभळा रंग घालायचा. मग माझ्याखाली मधे चेपलेल्या असंख्य तांबड्या पेशी दिसत आणि त्यांच्यात कुठे कुठे एखादी मोठी पांढरी पेशी, पोटात जांभळं केंद्रक घेऊन बसलेली. "हे आपले पहारेकरी," बाई सांगत. "थोडेच असतात, पण घर राखतात."

एका वर्षी बाईंची लेकच वर्गात होती. शाळेत तीही त्यांना बाईच म्हणायची. मुलं चिडवत, "घरीही बाई म्हणतेस का गं?" ती हसून सोडून द्यायची.

रक्ताच्या धड्याला बाईंनी नेहमीसारखं बोट टोचलं, स्लाइड लावली आणि डोळा माझ्यावर टेकवला. माझ्याखाली जांभळी गर्दी उसळली होती. पांढऱ्या पेशीच पेशी, अर्धकच्च्या, एकमेकींना रेटणाऱ्या. तांबड्या कुठेतरी कोपऱ्यात अंग चोरून होत्या. बाईंनी स्लाइड सरकवली. माझी भिंगं पुसली. पुन्हा पाहिलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, की दोष माझ्या भिंगात असावा. पण भिंग स्वच्छ होतं.

"स्लाइड बिघडली रे," बाई म्हणाल्या. "आज पुन्हा कांदा पाहू."

"पुन्हा कांदाच!" वर्ग कुरकुरला. बाई कपाटाकडे वळल्या. रांगेत पहिली उभी असलेली लेक तेवढ्यात पुढे झाली आणि तिने माझ्यातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आई," ती म्हणाली. वर्ग खो खो हसला, आई म्हणाली म्हणून. "आई, यात पांढऱ्याच इतक्या कशा?"

"रंग जास्त झालाय गं."

"रंगाने पेशी वाढत नाहीत. तूच शिकवलंस."

हसणं थांबलं. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बाईंच्या हाडांच्या पोकळीत, जिथे रक्त तयार होतं, तिथेच बिघाड झाला होता. पहारेकरीच बेबंद वाढून घरात माजले होते. दवाखान्यात उपचार झाले. मधे काही दिवस बाई डोक्याला रुमाल बांधून आल्या, खुर्चीत बसून शिकवू लागल्या. आवाज खोल गेला होता. मग एकदा गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

नवे सर आले आणि भिंतीवर मोठा पडदा आला. मी कपाटात गेलो. दमट फळीवर बुरशीला आयतंच घर मिळालं. एकदा बाईंची लेक काही सामान न्यायला आली. तिने मला पाहिलं, स्वतःच्या रुमालाने माझा आरसा पुसला. डोळा नेत्रिकेपर्यंत आणला आणि तिथेच थांबली. "नको," स्वतःशीच पुटपुटली आणि निघून गेली. तिला तरी कसा दोष देऊ?

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना कोरडी जागा द्या, अंगावर कापड घाला, एवढं मागतोच. पण आणखी एक मागणं आहे. तो धडा यायच्या कितीतरी आधीपासून बाई जिना चढून आल्या, की माझ्या टेबलाला धरून उभ्या राहत. धाप ओसरली, की मगच हजेरी घेत. सगळा वर्ग पाहायचा. सोबतच्या शिक्षिका पाहायच्या. मीही रोज पाहत होतो. 'बाई, बरं नाही का?' एवढं विचारायला मला तोंड नव्हतं.

तुम्हाला आहे.