चांगदेव आबांचं वजन

बोरी बुद्रुकात आशाताई ज्या घरात शिरते तिथं पाळणा हलतो, हे गावाला पक्कं पाठ. त्यामुळं गावची आशाताई, आरती, रोज चांगदेव आबांच्या घरी जायला लागली, तेव्हा पारावरच्या संपतला राहवलं नाही.

"काय आरते, आबांना कितवा महिना?"

आबांनी ऐंशी ओलांडलेली. पण आरतीही गप्प बसणाऱ्यातली नव्हे. "तुझ्या तोंडालाच आधी ऑपरेशनची गरज हाय," म्हणाली आणि चालू पडली.

आबांना पोटाचा कॅन्सर झाला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता घरी न्या, सेवा करा. अशा माणसांना घरी कसं सांभाळायचं, याचं प्रशिक्षण आरती नुकतंच आळेफाट्याला घेऊन आली होती. दुखायची गोळी कधी द्यायची, कुशीवर कसं वळवायचं, सगळं तिला चोख जमलं. पण जन्मभर गावच्या पोरांची वजनं वाढवलेली बाई ती, जित्याची खोड जाते होय? आबांचे खपाटीला गेलेले गाल बघितले आणि तिनं त्यांच्या बायकोला, कुशाआजीला, फर्मान सोडलं, "आजी, कायपण करा, पण पोटात गेलंच पायजे."

आजीला तेवढंच हवं होतं. शिरा झाला, पेज झाली, अंडं झालं. वाटी घेऊन आजी खाटेपाशी उभी. आबा डोळे मिटून दोन घास गिळायचे आणि थोड्या वेळानं सगळं बाहेर यायचं. मग नुसतं कण्हणं.

आज ते आरतीनं समोर बघितलं. प्रशिक्षणात सिस्टरनी हेच तर बजावलं होतं! बळंच भरवू नका म्हणून.

"आजी, ऱ्हाऊ द्या. मागतील तेवढंच द्या. नुसते ओठ ओले ठेवा."

"उपाशी मारू व्हय गं?" आजी कडाडली. "लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

"मीच चुकीचं सांगितलं व्हतं आजी. आबा खात न्हाईत म्हणून चालले न्हाईत. ते चाललेत, म्हणून खावंसं वाटत न्हाई."

आजीनं वाटी आदळली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आरती खाटेच्या कडेला टेकली.

"आणि आबा, तुमाला तरी तोंड न्हाई का? नको म्हणायचं की सरळ!"

"मग ती जेवत न्हाई ना," आबा हळूच म्हणाले. "लगीन झाल्यापासनं माझ्याआधी घास घेतला न्हाई तिनं. मी दोन गिळतो, तवा ती चतकोर खाती."

आरती उठून चुलीपाशी गेली. इतके दिवस ती एकच माणूस वाळताना बघत होती. आजीच्या बांगड्या पार कोपराकडं सरकत होत्या, ते तिला आज दिसलं. तिला स्वतःचा लई राग आला. मग तिनं ताटात भाकरी-पिठलं वाढलं आणि आजीला हाताला धरून आबांसमोर बसवलं.

"जेवा."

"अगं बाई! यांच्याआधी? पाप लागंल मला."

"ते माझ्या नावावर चढव," आबा म्हणाले. "मी आधी पोचणार हाय वर. फेडून ठेवतो."

"काय मेलं बोलणं!" म्हणत आजी रडली, हसली, परत रडली. मग भाकरीचा तुकडा मोडला आणि मान खाली घालून घास घेतला. आबा टक लावून बघत होते. बऱ्याच दिवसांत त्यांच्या कपाळावरची आठी अशी सैल झाली नव्हती.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

आजीनं सावकाश चावलं. "मीठ कमी हाय."

"कमीच असतंय," आबा म्हणाले. "आज निवांत जेवतीयास, म्हणून कळलं तुला."