बोडक्या डोंगराचं पाणी

पहाटे पाऊस थांबला आणि गिल्दोच्या मिश्या ताठ झाल्या. संध्याकाळपर्यंत नदीकडे बघायचंही कारण नाही, असं त्याने आपल्या तराफेवाल्यांना बजावलं. वरच्या खोऱ्यातला पाऊस चोंगसन गावाच्या काठाला लागायला दिवस मावळतो. मग पूर चढतो, आणि तो ओसरू लागला की ओंडक्यांचा तराफा कोरियाच्या राजधानीत, हानयांगच्या राजवाड्याकडे सोडायचा. हे त्याच्या आजोबांचं सांगणं. गिल्दोला स्वतःचं असं काही सुचल्याचं त्याच्या बायकोला, योन्सिलला, आठवत नव्हतं.

तिचा धाकटा भाऊ चुन्बो एकटाच तराफ्यावर वेली आवळत होता. बाकीचे काठावर डुकराचं मुंडकं मांडून नदीच्या देवाला हात जोडत होते. देव भावाचा भुकेला, म्हणतात. गिल्दोचा देव मात्र मुंडक्यावर खूश व्हायचा, आणि ते मुंडकं जायचं गिल्दोच्याच पोटात.

"अहो, चुन्बोला वर बोलवा. पाण्यात नुसती माती उतरतेय."

"ऐकलंत का रे? आमच्या बाईसाहेबांना नदी कळायला लागली!" दारूचा भपकारा सोडत गिल्दो हसला. "अगं, पूर संध्याकाळी!"

"तेव्हा वर जंगल होतं. पाणी पाल्यात मुरायचं, निथळत निथळत खाली यायचं. तुम्ही सगळा डोंगर बोडका केलात. आता पाण्याला अडवणार कोण, तुमचे आजोबा?"

"नदी काय डोंगराला विचारून वाहते?"

पालथ्या घड्यावर पाणी! ती तरातरा काठाशी गेली.

"चुन्बो, डुकराचे कान संपले रे!"

"ताई, एक ठेव की माझ्यासाठी!"

"ठेवते कुठली? दाजी शेवटचा चावतायत!"

त्या खादाडाने वेल टाकली आणि उडी मारून धावत वर आला. पोराला शहाणपणाने नाही, हावेने वाचवावं लागलं, याचा तिला संताप आला.

तो वर पोचतो न पोचतो तोच वळणावरून गडगडाट आला. मागोमाग चिखलाची भिंत. वेली तटातट तुटल्या, तराफा काड्यांसारखा विखुरला आणि दिसेनासा झाला. ऊन अजून डोक्यावरही आलं नव्हतं.

गिल्दो मातीत कपाळ घासू लागला. "देव कोपला रे!"

"देवाला कशाला ओढता? कुऱ्हाड त्याच्या हातात होती का?"

तो उठला. नाक पुसून त्याने याच काठावरचा पुढचा डोंगर न्याहाळला.

"तिकडच्या डोंगरावर झाडं आहेत अजून. उद्याच माणसं लावतो."

योन्सिल त्याच्या पायाशी थुंकली आणि चुन्बोचं मनगट धरून चालू लागली.

"कुठे, ताई?"

"माहेरी."

"पण आपलं घर त्याच डोंगराखाली आहे."

"म्हणूनच. आईला आजच तिथून हलवायचं. हा माणूस उद्या खरंच माणसं लावेल. मूर्खपणाचा शब्द तेवढा तो कधी मोडत नाही."